वर्कर वाढवू का? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार ताई. बॅलार्ड इस्टेटला आमचं कस्टम्स क्लिअरिंगचं ऑफिस आहे, माणसं साठेक. मेल सर्व्हर आमचा स्वतःचा, पोटमाळ्यावर ठेवलेला. उबंटू, मेल नेणारा-आणणारा पोस्टफिक्स, मेलपेट्या सांभाळणारा डव्हकॉट, व्हायरस तपासणारा क्लॅमएव्ही आणि स्पॅम ओळखणारा स्पॅमअसॅसिन. रॅम ४ जीबी. रोज सकाळी साडेनऊ ते अकराच्या दरम्यान मेल वीस-वीस मिनिटं उशिरा पोचतात. शिपिंग लाइनची डिलिव्हरी ऑर्डर वेळेत हातात पडली नाही तर न्हावाशेव्याला कंटेनर अडकतो आणि डिमरेजचं (माल अडकून पडल्याच्या दंडाचं) बिल साहेब माझ्या टेबलावर आणून ठेवतात. स्पॅमअसॅसिनच्या लॉगमध्ये सारखी एकच ओळ दिसते : 'सर्व्हर रीच्ड मॅक्स-चिल्ड्रन सेटिंग, कन्सिडर रेझिंग इट.' म्हणून मी मॅक्स-चिल्ड्रन, म्हणजे एका वेळी मेल तपासणारे जास्तीत जास्त वर्कर, ५ चे ४० केले. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला मशीन असं गोठलं की कीबोर्डलाही दाद देईना, बटण दाबून बंद करावं लागलं. आता परत ५ वर आलोय. शिवाय सकाळच्या वेळी स्पॅमही जास्त आत येतो असं सगळे म्हणतात. नेमका आकडा किती ठेवू?
— सिस्टिम सांभाळणारा, बॅलार्ड इस्टेट

उत्तर : पत्रात नुसती लक्षणं होती, म्हणून उलट मेल टाकून तुमच्याकडून लॉग आणि मेमरीचे आकडे मागवले. तुम्ही ते त्याच संध्याकाळी पाठवलेत, शाबास. निम्मे वाचक 'सर्व्हर स्लो आहे' एवढ्यावरच थांबतात आणि मग मी ज्योतिषी असल्यासारखी उत्तराची वाट बघतात.

तुमच्या आकड्यांत दिसलं ते असं. गर्दीच्या वेळी मिनिटाला साधारण ४० मेल तपासणीला येतात. प्रत्येक मेलच्या निकालाच्या ओळीत 'स्कॅनटाइम' लिहिलेला असतो. तो सकाळी ११ ते १३ सेकंद आहे आणि रात्री दोन-अडीच. मशीन तेच, नियम तेच, मेलही त्याच जातीच्या.

आता हिशेब मांडू. मेलला १२ सेकंद लागतात म्हणजे एक वर्कर मिनिटाला ५ मेल उरकतो. पाच वर्करनी २५ उरकल्या, आल्या ४०. अर्ध्या तासात साडेचारशे तुंबल्या आणि त्या उपसायला १८ मिनिटं. तुमची वीस मिनिटं हीच. १२ सेकंद गृहीत धरले तर निदान ८ वर्कर हवेत. पण रात्रीचा अडीच सेकंदांचा वेग सकाळी मिळाला तर त्याच ४० मेलना दोन वर्कर पुरतात. तेव्हा वर्कर किती हे नंतर बघू. आधी सकाळी एका मेलमागे दहा सेकंद कुठे जातात ते शोधायला हवं.

सकाळी दहाला 'टॉप' (कोणता प्रोग्राम किती प्रोसेसर आणि मेमरी खातोय ते दाखवणारं साधन) उघडा. वर्कर सगळे गुंतलेले दिसतील आणि प्रोसेसर जवळजवळ रिकामा. म्हणजे वर्कर काम करत नाहीयेत, वाट बघतायत. कोणाची? बहुतेक वेळा डीएनएसची, म्हणजे इंटरनेटवरची नावं आणि पत्ते शोधून देणाऱ्या यंत्रणेची. स्पॅमअसॅसिन प्रत्येक मेलसाठी पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता आणि मजकुरातल्या लिंकांची डोमेन घेऊन अनेक ब्लॉकलिस्टांना (स्पॅम पाठवणाऱ्यांच्या याद्यांना) विचारतं, 'हा तुमच्या यादीत आहे का?' हे प्रश्न डीएनएसमधून जातात, एका मेलमागे सहज काही डझन. प्रश्न एकदम सुटतात, पण उरलेल्या उत्तरांसाठी वर्कर थांबतो, आणि ती मुदत मुळात १५ सेकंदांची आहे. तुमचे ११-१३ सेकंद कुठून आले ते लक्षात आलं असेल.

तुम्ही पाठवलेल्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ऑफिसच्या राउटरचा पत्ता आहे आणि राउटर तो प्रश्न पुढे ८.८.८.८ कडे, म्हणजे गूगलच्या सार्वजनिक रिझॉल्व्हरकडे (डीएनएसची उत्तरं शोधून देणाऱ्या सर्व्हरकडे) ढकलतो. यात दोन दुखणी आहेत. एक, साडेनऊला सीएसएमटीवरून माणसं येऊन बसतात, साठ ब्राउझर उघडतात, आणि डब्याएवढा तो राउटर सगळ्यांची डीएनएसची चौकशी करत धापा टाकतो. त्यातच तुमच्या वर्करांचे शेकडो प्रश्न. काही गळतात, काही उशिरा येतात. रात्री ऑफिस रिकामं असतं, म्हणून रात्री सगळं सुरळीत. दोन, स्पॅमहाउससारख्या ब्लॉकलिस्टा सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून आलेल्या प्रश्नाला खरं उत्तर देतच नाहीत. स्पॅमहाउस अशा वेळी १२७.२५५.२५५.२५४ हा कोड पाठवतं, म्हणजे 'तुम्ही चुकीच्या दारातून आलात'. तुमच्या मेलच्या हेडरमध्ये 'यूआरआयबीएल_ब्लॉक्ड' असंही दिसतंय, तो त्याचाच भाऊ. म्हणजे वेळ जातोच, वर ब्लॉकलिस्टांचे गुणही पदरात पडत नाहीत.

अशात ४० वर्कर केल्यावर काय झालं असेल? त्याच राउटरवर आठपट प्रश्न. उडप्याच्या हॉटेलात वेटर पाचाचे चाळीस केले आणि डोश्याचा तवा एकच ठेवला, तर फक्त दाराशी 'दोन मसाला' ओरडणारे वाढतात.

उपाय स्वस्त आहे. त्याच मशीनवर अनबाउंड हा रिझॉल्व्हर बसवा. तो प्रश्न पुढे ढकलणारा नको, मुळापासून स्वतः शोधणारा हवा. फॉरवर्डिंगची ओळ टाकू नका. उबंटूचा स्वतःचा रिझॉल्व्हर १२७.०.०.५३ वर बसलेला असतो, त्याला हात लावायची गरज नाही, अनबाउंड १२७.०.०.१ वर ऐकेल. मग स्पॅमअसॅसिनच्या 'लोकल.सीएफ'मध्ये 'डीएनएस_सर्व्हर १२७.०.०.१' एवढी एक ओळ. तपासायचं असेल तर अनबाउंडला २.०.०.१२७.झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग हे नाव विचारा. १२७.०.०.२ आणि त्याच्या आसपासचे पत्ते आले तर रस्ता मोकळा. २५५ वाला कोड आला तर अजून कुठेतरी फॉरवर्डिंग चालू आहे. आणि एक : स्पॅमहाउसची फुकट सेवा धंद्याच्या वापरासाठी सरसकट नाही. तुमचं ऑफिस धंदाच करतं, तेव्हा त्यांच्या अटी वाचून घ्या.

दुसरी वाट बघण्याची जागा बेझचा (आधीच्या मेलमधल्या शब्दांवरून स्पॅम ओळखायला शिकणाऱ्या भागाचा) डेटाबेस. तुमच्या लॉगमध्ये सकाळी एखादी मेल दीड-दोन मिनिटं घेते, अधूनमधूनच, पण घेते. तिच्या आसपास बेझच्या 'एक्स्पायर'ची ओळ आहे. जुने शब्द काढून टाकायची ही साफसफाई स्पॅमअसॅसिन आपणहून मेल तपासता तपासताच सुरू करतं, आणि तेवढा वेळ डेटाबेसला कुलूप. बाकीचे वर्कर शिकलेलं लिहायला त्या कुलपापाशी उभे. 'बेझ_ऑटो_एक्स्पायर ०' करा आणि रात्री तीनला क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून) बेझला शिकवणाऱ्या 'एसए-लर्न'ला 'फोर्स-एक्स्पायर' सांगा. ज्या युजरचा बेझचा डेटाबेस आहे त्याच युजरच्या क्रॉनमध्ये, रूटच्या नव्हे. नाहीतर रोज रात्री भलत्याच, रिकाम्या डेटाबेसची झाडलोट होत राहील आणि खरा फुगत जाईल.

आता मशीन गोठलं का ते बघू. स्पॅमडी हा स्पॅमअसॅसिनचा पर्ल भाषेतला डिमन, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्राम. मुख्य प्रोसेस सगळे नियम एकदा वाचते आणि मग फोर्क करून, म्हणजे स्वतःच्या नकला काढून, वर्कर जन्माला घालते. सुरुवातीला मुलांची मेमरी आईशी सामायिक असते. वर्कर मेल तपासू लागला की त्याची मेमरीची पानं हळूहळू वेगळी होतात. म्हणून 'टॉप'मधला 'आरईएस'चा आकडा फुगीर असतो, सामायिक भाग प्रत्येकाच्या नावावर मोजलेला. आणि सर्व्हर नुकताच सुरू केल्यावर मोजलं तर उलट कमी दिसतं. 'स्मेम' नावाचं साधन आहे, त्यातला 'पीएसएस' धरा, तोही वर्करनी निदान शे-दीडशे मेल तपासल्यावर. तुमचा आला ६० एमबी.

चाळीस गुणिले साठ, २४०० एमबी. पोस्टफिक्स, डव्हकॉट आणि बाकी सिस्टिमचे ७००. क्लॅमडी, म्हणजे क्लॅमएव्हीचा डिमन, एकटा १३००. झाले ४४००, आणि मशीनमध्ये आहेत ४०९६. म्हणजे स्वॅप, रॅममध्ये न मावलेलं डिस्कवर. वर्कर स्वॅपमध्ये गेला की स्कॅनटाइम आणखी वाढतो, स्कॅनटाइम वाढला की वर्कर जास्त वेळ गुंतून राहतात, म्हणून मुख्य प्रोसेस आणखी वर्कर काढते. हे चक्र एकदा लागलं की चाळीसच्या चाळीस बाहेर येईपर्यंत थांबत नाही. पहिला दिवस बरा गेला तो त्या दिवशी चाळीसची गरज पडली नाही म्हणून.

इथे क्लॅमएव्हीबद्दल दोन शब्द, कारण हा खर्च कोणी मोजत नाही. २०२० च्या ०.१०३ आवृत्तीपासून क्लॅमडी नव्या व्हायरस-सह्या वाचताना जुन्या सोडत नाही; नव्या पूर्ण वाचून झाल्या की मग अदलाबदल. त्यामुळे तपासणी खंडत नाही, पण तेवढा वेळ मेमरी दुप्पट. तुमच्याकडे आणखी १३००. नव्या सह्या आणणारा फ्रेशक्लॅम दिवसातून बऱ्याचदा डोकावतो, त्यातली एक खेप सकाळी दहाची असेल तर झालंच. 'कॉन्करंट डेटाबेस रिलोड' हा पर्याय 'नो' केला की दुप्पट होत नाही, पण रिलोड चालू असताना व्हायरस-तपासणी थांबते. ४ जीबीच्या मशीनवर मी 'नो' करेन. तुम्हाला थांबणं परवडत नसेल तर रॅम घ्या. ८ जीबीची पट्टी लॅमिंग्टन रोडला मिळते आणि एका कंटेनरच्या डिमरेजपेक्षा स्वस्त पडते.

वाईटात वाईट वेळ, म्हणजे 'नो' केलेलं नाही असं, धरून उरलेली रॅम मोजू : ४०९६ मधून ७००, १३०० आणि रिलोडचे १३०० गेले, राहिले आठशेच्या आत. त्यातले दोनशे डिस्कच्या कॅशला सोडा. सहाशेला साठाने भागा, दहा. ही तुमची कमाल मर्यादा आणि ती रॅमने ठरवली आहे, मेलच्या संख्येने नाही. मॅक्स-चिल्ड्रन ८ ठेवा. डीएनएस नीट झाल्यावर आठातले दोन-तीनच धावताना दिसतील, पण एखाद्या सकाळी ब्लॉकलिस्टवाल्यांकडेच काही बिघडलं तर आठ असलेले बरे.

बाकीचे आकडे. मिन-स्पेअर मुळात १ आणि मॅक्स-स्पेअर २ असतो, म्हणजे हाताशी मोकळे वर्कर एक ते दोनच. साडेनऊला एकदम लोंढा येतो तेव्हा नवे काढत बसावं लागतं आणि लोंढा ओसरला की लगेच मारले जातात. मिन-चिल्ड्रन ३, मिन-स्पेअर २, मॅक्स-स्पेअर ४ करा. मॅक्स-कॉन-पर-चाइल्ड २०० असतं, दोनशे मेलनंतर वर्कर निवृत्त होऊन नवा येतो. ते तसंच राहू द्या. एखाद्या अजस्र मेलने वर्कर फुगला तर पर्ल ती मेमरी सहसा परत करत नाही; वर्कर मेला तरच सुटते. वेगासाठी हा आकडा हजारांत नेणारे भेटतात, मला ते पटत नाही. राउंड-रॉबिनही (सगळ्या वर्करांना पाळीपाळीने काम) लावू नका. मुळातली पद्धत अशी की थोड्याच वर्करांना सतत कामाला जुंपायचं आणि बाकीच्यांना पडून राहू द्यायचं. कमी रॅमच्या मशीनला तीच सोसते, कारण स्वॅपमध्ये गेलेच तर झोपलेले जातात.

सकाळी स्पॅम जास्त येतो, हा भास नाही. मेल स्पॅमडीकडे नेणारा स्पॅमसी भला माणूस आहे. जोडणी मिळाली नाही की तीनदा प्रयत्न करतो, वेळ संपली की थांबतो, आणि मग मेल न तपासता तशीच पुढे देतो. मेल हरवण्यापेक्षा स्पॅम आलेला बरा, असं त्याचं धोरण. 'एक्स' पर्याय लावला तर तो चूक कळवतो आणि पोस्टफिक्स मेल रांगेत ठेवून पुन्हा पाठवतो. पण डिलिव्हरी ऑर्डरची वाट बघणाऱ्या ऑफिसात मी तो लावणार नाही. त्यापेक्षा पोस्टफिक्सच्या 'मास्टर.सीएफ'मध्ये फिल्टरच्या ओळीत 'मॅक्सप्रॉक'चा रकाना बघा. तुमच्याकडे तिथे नुसती रेघ आहे, म्हणजे मुळातली मर्यादा १००. आठ वर्करांसमोर ही एवढी झुंड कशाला? तिथेही ८ लिहा. जास्तीच्या मेल पोस्टफिक्सच्या रांगेत थांबतील. रांग सांभाळणं हे त्याचंच काम आणि ते त्याला फार चांगलं येतं.

तुमच्या लॉगमध्ये आणखी एक गोष्ट सापडली, जिच्याबद्दल तुम्ही विचारलंच नव्हतं. रोज पावणेदहाला ऑपरेशन्सची 'टुडेज व्हेसल पोझिशन' ही मेल सगळ्या ऑफिसला जाते. फिल्टरला 'एका वेळी एकच पत्ता' अशी मर्यादा लावलेली असल्याने ती एकच मेल साठ वेळा तपासली जाते, गर्दीच्या ऐन मध्यावर. आपल्याच माणसाची, आपल्याच माणसांना! ५८७ पोर्टवरून लॉगिन करून पाठवलेल्या मेलला फिल्टरच लावू नका. 'मास्टर.सीएफ'मध्ये सबमिशनच्या, म्हणजे त्याच ५८७ च्या, ओळीखाली 'कंटेंट_फिल्टर' रिकामा केला की सुटलं. (एखाद्याचा पासवर्ड चोरीला गेला तर तुमच्या सर्व्हरवरून स्पॅम बाहेर जाईल, हा धोका खरा आहे, म्हणून प्रत्येकाला ताशी किती मेल पाठवता येतील याची मर्यादा घाला.) आणि सोडून गेलेल्या माणसांच्या पत्त्यांवर येणारी मेल 'कॅच-ऑल'मध्ये (कोणत्याही पत्त्याची मेल घेणाऱ्या पेटीत) घेणं बंद करा. नसलेल्या पत्त्याला पोस्टफिक्सने दारातच नकार द्यायचा, वर्करपर्यंत ती यायलाच नको. पोस्टफिक्स २.८ पासून, म्हणजे २०११ पासून, पोस्टस्क्रीनही आहे. स्पॅम पाठवणारी बरीचशी यंत्रं बोलायची पाळी येण्याआधीच बोलू लागतात, तेवढ्यावरून तो त्यांना ओळखतो. तो लावलात तर मिनिटाच्या चाळीस मेल किती उरतात ते मला जरूर कळवा.

एकाच दिवशी सगळं बदलू नका. आधी अनबाउंड, दोन दिवस स्कॅनटाइम बघा, मग बाकीचं. नाहीतर कशाने बरं झालं तेच कळणार नाही.

प्रश्न : आमच्या स्पॅमडीच्या लॉगमध्ये 'प्रीफोर्क : चाइल्ड स्टेट्स' असं लिहून पुढे आय-आय-बी-बी अशी अक्षरं येतात. ती कशी वाचायची?
— विद्यार्थिनी, माटुंगा

उत्तर : एक अक्षर म्हणजे एक वर्कर. 'आय' मोकळा, 'बी' गुंतलेला. कधी 'एस' दिसेल, तो अजून सुरू होतोय. 'के' म्हणजे त्याला मारायचा निरोप गेलाय. लांबच्या लांब 'बी'ची माळ आणि एकही 'आय' नाही, असं मिनिटभर दिसलं तर घाबरू नका. अर्धा तास दिसलं तर वरच्या पत्राचं उत्तर पुन्हा वाचा. आणि 'आय' व 'के' आलटून पालटून दिसत असतील तर मॅक्स-स्पेअर फार कमी आहे, वर्कर काढायचे आणि मारायचे एवढाच उद्योग चाललाय. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विचारत असाल तर या ओळी वेळेसकट गोळा करून आलेख काढा, चांगला दिसतो.

प्रश्न : गिरगावात आमचं छोटं प्रकाशन आहे. लेखकांच्या मराठी मेल आमचाच सर्व्हर स्पॅममध्ये टाकतो. वर्कर कमी पडल्याने असं होत असेल का?
— प्रकाशक, गिरगाव

उत्तर : नाही हो. वर्कर कमी पडले तर उशीर होतो किंवा न तपासलेली मेल आत येते. चांगली मेल स्पॅम ठरत नाही. बहुधा तुमच्याकडे कोणीतरी मेलची भाषा ओळखणारं 'टेक्स्टकॅट' प्लगइन चालू करून 'ओके_लँग्वेजेस'मध्ये फक्त 'ईएन' लिहून गेलंय. मग इंग्रजी नसलेल्या प्रत्येक मेलला २.८ गुण चिकटतात. स्पॅम ठरायची मर्यादा ५ ची. पुढे लेखकाने घाईत विषय रिकामा सोडला, एक-दोन गुण इकडून तिकडून आले, की कवितासंग्रह गेला कचऱ्यात. त्या ओळीत 'एमआर' आणि 'एचआय' घाला. संस्कृतचं काही छापत असाल तर 'एसए'ही. नाहीतर प्लगइन सरळ बंदच करा, तुमच्या कामाला त्याचा काही उपयोग दिसत नाही. आणि स्पॅममध्ये पडलेल्या चांगल्या मेल फेकू नका, 'एसए-लर्न'ला 'हॅम', म्हणजे चांगली मेल, म्हणून शिकवा. बेझ निदान २०० चांगल्या आणि २०० स्पॅम मेल शिकल्याशिवाय तोंडच उघडत नाही.

प्रश्न : 'एसए-अपडेट' रोज क्रॉनमध्ये चालतो, नवे नियम उतरतात, पण फरक दिसत नाही. शेवटी रोज पहाटे स्पॅमडी रीस्टार्ट करायला सुरुवात केली. बरोबर आहे ना?
— वाचक, मुलुंड

उत्तर : निम्मं बरोबर. नियम मुख्य प्रोसेस सुरू होताना एकदाच वाचते आणि वर्कर तिचीच नक्कल, त्यामुळे नवे नियम डिस्कवर पडले तरी चालू वर्करना त्यांचा पत्ता नसतो. पण रीस्टार्ट कशाला, रिलोड पुरतो, आणि तोही नियम खरंच नवे आले असतील तरच. 'एसए-अपडेट' नवे नियम उतरवल्यावर ० कोड देतो आणि नवं काही नसेल तर १. तेव्हा क्रॉनच्या ओळीत त्याच्यापुढे दोन 'अँड'ची खूण टाकून रिलोड लिहा. बहुतेक पहाटे तो चालणारच नाही. 'एसए-कंपाइल' (नियम वेगाने चालावेत म्हणून कंपाइल करणारा) वापरत असाल तर तो या दोघांच्या मध्ये.